आधी किती वाजले ते सांगा

कल्याण सोडून गाडी जसजशी पुढे जाते, तसतसं मराठी माणसाचं स्वयंपाकघर मोठं होत जातं. माझा जन्म उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला. तिथे स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा, आणि आई बसली की तो कोपरा भरायचा. मग वडिलांच्या नोकरीपायी अंबरनाथला गेलो, तिथे स्वयंपाकघराला दार आलं. पन्नाशीला टेकल्यावर मी कर्ज काढून बदलापुरात कात्रपला फ्लॅट घेतला, तेव्हा ओटा, सिंक, खिडकी, ड्राय बाल्कनी आणि भिंतीत बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन असं सगळं गोत मिळालं. आणखी एक स्टेशन पुढे वांगणीला गेलो असतो, तर बहुधा तंदूरही पदरात पडला असता.

ओव्हन मिळाला हे तितकंसं खरं नाही. तो सॅम्पल फ्लॅटमध्ये होता. हिने त्याच्या काळ्या काचेत स्वतःला पाहिलं, केस सारखे केले आणि फ्लॅट पसंत केला. ताबा मिळाला तेव्हा कळलं, की तिथला ओव्हन म्हणजे नुसतं दार होतं आणि मागे प्लायवूड. पण तोवर हिच्या मनातला ओव्हन चांगलाच तापला होता. खरा आणावा लागला.

तो बसवायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून ट्रॉल्यांचा माणूस आणला. तिथल्या सुताराच्या तोंडी ‘होणार नाही’ हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. लष्कराच्या रिकाम्या छावणीत, बराकींमध्ये पडदे लावून ज्या लोकांनी फाळणीनंतर संसार मांडले आणि १९४९ साली ज्या छावणीला ‘उल्हास’नगर असं नाव मिळालं, तिथे ‘होणार नाही’ म्हणून चालणारच नव्हतं. सुताराने साठ सेंटिमीटरचा ओव्हन असा काही चपखल बसवला, की फटीतून पोस्टकार्ड जाऊ नये. मी पुस्तिका दाखवली. मागे आणि खाली हवेला वाट ठेवा, असं तिच्यात चित्रासकट होतं.

“साहेब, गरम करायचीच वस्तू आहे ना? मग हवा कशाला?”

या तर्कापुढे मी तासभर निरुत्तर होतो. मग मुलाने समजावलं, की ओव्हन आतून तापायचा असतो, बाहेरून नाही. त्याच्या डोक्यावर एक छोटा पंखा असतो. तो थंड हवा ओढून दाराच्या वरच्या फटीतून गरम हवा बाहेर फेकतो आणि ओव्हन बंद केल्यावरही बराच वेळ घरघरत राहतो. त्याचा श्वास कोंडला तर उष्णता लॅमिनेटला, वायरींना आणि शेजारच्या साखरेच्या डब्याला जाते. सुताराने नाराजीने मागची फळी कापली. इतकं सुंदर काम स्वतःच्या हाताने बिघडवावं लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर होतं.

वायरमन वेगळ्याच पंथाचा निघाला. त्याला सगळीकडे ‘होणार नाही’च दिसायचं. “तीन किलोवॅट आहे. तेरा अँपियर ओढणार. मिक्सरच्या पॉइंटवर लावाल तर वायर उदबत्तीसारखी जळेल. बोर्डापासून सेपरेट लाइन, चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी.” मग त्याने बल्ब आणि दोन वायरी घेऊन आमच्या ‘पंधराच्या’ पॉइंटची परीक्षा घेतली. हा पॉइंट हल्ली सोळा अँपियरचा असतो, पण वायरमन लोकांनी वरचा एक अँपियर अजून मंजूर केलेला नाही. फेज आणि न्यूट्रलला बल्ब पेटला. फेज आणि वरच्या जाड भोकाला लावला, तर ढिम्म.

“हे तिसरं भोक शोभेचं आहे. अर्थिंगची वायर आहे, पण तिकडे कुठे जोडलेलीच नाही.”

“मग?”

“मग आतून करंट उतरला तर तो ओव्हनच्या पत्र्यावर येणार, आणि वहिनी अनवाणी ओल्या फरशीवर उभ्या राहून दार उघडणार. म्हणजे अर्थिंग वहिनींमधून.”

त्या दिवशी अर्थिंगचं काम आमच्या घरातल्या कुठल्याही धार्मिक कार्याहून जास्त श्रद्धेने झालं. स्विचही त्याने ओव्हनच्या पाठीमागे न देता शेजारच्या कपाटात दिला. “पेट घेतला तर बंद करायला हात कुठून घालणार?” हे त्याचं शेवटचं शुभवचन.

आता आईबद्दल. आईचं माहेर कोकणातलं, पण संसाराची बरीच वर्षं अंबरनाथला विम्को नाक्याजवळ गेली. काडेपेट्यांच्या कारखान्याचं नाव मिरवणाऱ्या नाक्यावर राहिलेल्या बाईला काडी न ओढता पेटणाऱ्या विस्तवाबद्दल आदर वाटणं कठीण. तिने ओव्हनभोवती एक अर्धी प्रदक्षिणा घातली (पूर्ण घालायला मागे भिंत होती) आणि विचारलं, “गॅरंटी किती?”

“दोन वर्षं.”

“अंबरनाथचं देऊळ शके ९८२चं. त्याला कुणी गॅरंटी दिली होती?”

मुहूर्ताला ओव्हन तापलाच नाही. बटणं फिरवली, आत दिवा लागला, पंखा फिरला, पण ऊब म्हणून नाही. समोर फक्त ०:०० असा हिरवा आकडा लुकलुकत होता. दुकानदाराने कंपनीला फोन करायला सांगितलं, कंपनीने एक दाबा, दोन दाबा असं सांगितलं. चाळीस पानांची पुस्तिका आठ भाषांत होती. त्यांतल्या एका भाषेत अक्षरांवर दोन-दोन टिंबं होती, पण मराठी नव्हती. दोन दिवसांनी मुलाला पान एकतीसवर एक ओळ सापडली : घड्याळ लावल्याशिवाय ओव्हन सुरू होणार नाही.

ज्याला भाजायचं आहे त्याला आधी किती वाजले हे कशाला हवं? तीस वर्षं घड्याळाच्या काट्यावर बदलापूर लोकल पकडणाऱ्या माणसाला निदान स्वयंपाकघरात तरी कुणी वेळ विचारू नये. पण तो विचारतो. लाइट गेली आणि आली, की झोपेतून उठलेल्या पाहुण्यासारखा पहिला प्रश्न तोच.

वेळ सांगितली. आता पहिल्यांदा त्याला रिकामाच तासभर जोरात तापवायचं होतं. आत कारखान्यातलं तेल-वंगण असतं, ते जळून जातं. वास येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या. मी पंडिताच्या थाटात अडीचशे अंशांवर काटा नेला. दहा मिनिटांत वास आला. पुस्तिकेत लिहिलंच होतं, म्हणून मी समाधानाने मान डोलावली. पंधरा मिनिटांनी धूर आला. मी म्हटलं, कारखान्यात तेल जरा सढळ हाताने वापरलेलं दिसतं. तेवढ्यात आई देवघरातून म्हणाली, “अरे, माझे पोह्याचे पापड ठेवलेत हो त्यात. एवढं रिकामं कपाट, म्हटलं कशाला वाया घालवा.”

ओव्हन बंद करून, निवेपर्यंत थांबून दार उघडलं. प्लास्टिकचा डबा जाळीच्या गजांमधून मेणासारखा ओघळला होता. झाकणावरची निळी फुलं मात्र शाबूत होती, फक्त ती आता तळाला होती. पापड फुलले होते. आईने एक उचलून पाहिला आणि म्हणाली, “भाजतो बरा.” तेव्हापासून बटणाला हात लावण्याआधी दार उघडून आत डोकवायचं, असा घरचा कायदा आहे. आई अजून त्यात वस्तू ठेवते. आता फक्त स्टीलच्या.

दुसरा कायदा गीझरचा. रविवारी सकाळी ओव्हन तापत होता, मुलगा अंघोळीला गेला, बेडरूममध्ये एसी चालू होता. तीन, दोन आणि दीड किलोवॅट एकाच वेळी मेन स्विचपाशी जमले आणि त्याने हात टेकले. अंगाला साबण लागलेला मुलगा बाथरूममधून ओरडत होता, “केक हवा की मुलगा हवा?” हिने उत्तर द्यायला जरा वेळच लावला.

तिसरा कायदा माझ्या दोन बोटांवर अजून दिसतो. तापलेला ट्रे काढायला हाताशी असेल ते फडकं घेतलं, आणि ते ओलं होतं. ओल्या फडक्याने तवा धरू नये, हे आईने लहानपणी सांगितलेलं मला कळायला बावन्न वर्षं लागली. कोरड्या कापडात हवा असते, ती उष्णता अडवते. ओल्यात पाणी, ते उष्णता थेट बोटांपर्यंत आणतं आणि वर वाफ. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. आईने त्यांना दारातच थोपवलं आणि माझा हात वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवला. मी हात काढू पाहिला, की मी सातवीत असल्यासारखी चापट मारायची.

पण खरी गंमत बटणावरच्या चित्रांची झाली. खाली एक रेघ, वर एक रेघ, वर नागमोडी रेघ, वर्तुळात पंखा. मी पुस्तिका लावून अर्थ काढत बसलो, आणि पहिला केक नागमोडीवर, सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून भाजला. वरून कोळसा, आत शिरा. आई शेजारी उभी होती. तिने चित्रांवरून बोट फिरवलं. “ही रेघ खालचा विस्तव. ही वरचा विस्तव. ही नागमोडी म्हणजे नुसता वरून कडक जाळ, पापडाला, मक्याच्या कणसाला. पंखा म्हणजे वारा. वारा असला की विस्तव जास्त लागतो, तेव्हा आच कमी ठेवायची.”

पान बावीसवर हेच होतं : पंखा लावल्यास तापमान वीस अंशांनी कमी करा.

“तुला कसं कळलं?”

“धोंडस कसं करत होतो आम्ही? पातेलं चुलीवर, झाकणावर निखारे. खालचे किती आणि वरचे किती, एवढंच तर बघायचं. यात नवं काय आहे? निखारे दिसत नाहीत, एवढंच.”

मग ती सगळंच सांगू लागली. भांडं मधल्या जाळीवर, भिंतीला न टेकता. आधी पंधरा मिनिटं तापू दे, थंड भट्टीत माल घालणारा उस्ताद कुणी बघितलाय? सारखं दार उघडून पाहू नकोस, काच त्यासाठीच लावलीय. अंबरनाथला आमच्याकडे तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काचेचा डोळा असलेला. त्याला ना काटा, ना बटण. पिन लावली की तापायचा, काढली की थांबायचा. आई त्यात कागदाचा कपटा टाकायची आणि तो किती वेळात तांबूस होतो यावरून आच ठरवायची. इथे मात्र ही मोबाइलवर पाहून ग्रॅममध्ये मोजते, आई वाटीने मोजते, आणि दोघींचा केक सारखाच फुगतो. याचं दोघींनाही वाईट वाटतं.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. मी रजेवर. नानकटाई घरी भाजायची, असं ठरलं होतं. चार नंबरला असताना ती बेकरीत भाजून आणायची रीत होती. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा असं सगळं घरून घेऊन जायचं आणि भट्टीसमोर नंबर लावायचा. रिकाम्या डब्यावर खडूने आडनाव. शेजारचं सिंधी कुटुंब, आम्ही, मागच्या बराकीतले, सगळ्यांचे डबे एका रांगेत. कुणाच्या तुपाची नानकटाई कुणाच्या डब्यात गेली, यावर पाडव्यापर्यंत संशय चालायचा. उस्ताद लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सारायचा, आणि आम्ही पोरं त्या दारातून येणाऱ्या झळीत गाल भाजून घ्यायचो.

पहिला ट्रे एकशे साठवर अठरा मिनिटांत फक्कड उतरला. दुसरा आत गेला आणि सातव्या मिनिटाला लाइट गेली. आमच्याकडच्या कारखान्यांना शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे लाइनीची कामंही शुक्रवारी निघतात. ते मला ठाऊक होतं, नानकटाईच्या उत्साहात विसरलो. काच काळी झाली. मी घाईने दाराला हात घातला.

“उघडलंस तर बघ!” आई.

“अगं, आत कच्ची आहे ती. काढून फ्रिजमध्ये तरी ठेवू.”

“चार नंबरची भट्टी आठवते का? रात्री लाकडं जाळायची, पहाटे पाव काढायचे. मग निखारे बाहेर ओढले की उतरत्या आचेवर नानकटाई. विस्तव नसतानाच ती भाजायची. बस खाली.”

बसलो. बघायला घड्याळ नव्हतं, म्हणजे भिंतीवर होतं, पण आईने तिकडे पाहू दिलं नाही. वीस मिनिटं झाली असतील, अर्धा तास झाला असेल. ही फॅन नसल्याने पदराने वारा घेत होती. मग दाराच्या फटीतून तूप आणि वेलदोड्याचा वास आला, आधी बारीक, मग दाट. “आता,” आई म्हणाली. मी कोरडं फडकं घेतलं, दोनदा चाचपून कोरडं असल्याची खात्री केली आणि ट्रे काढला. रंग पहिल्या ट्रेहून फिका, साईसारखा. वर मात्र छान भेगा पडल्या होत्या. चिमटीत धरली तर चुरा झाली.

साडेचारला लाइट आली. पंखे फिरले, फ्रिज गुरगुरला आणि भिंतीतून ०:०० लुकलुकायला लागलं.

“काय म्हणतोय तो?” आईने विचारलं. तिच्या तोंडात चौथी नानकटाई होती.

“किती वाजले, विचारतोय.”

“चहाची वेळ झाली म्हणावं.”