सिबिलले कोणता अंगारा लावाव?

"अवो मास्तरीणबाई, हे सिबिल कोण होय?"

पांढुर्ण्यात सकाळी नळ येऊन गेला की काकू कुंपणाच्या तारेवर कपडे टाकायला येतात. कपडे चार असतात, गोष्टी चौदा.

"काहून? काय केलं तिनं?"

"माह्या बहिणीच्या पोट्ट्याचं घर अडवून धरलं ना तिनं!"

भाचा सौंसरला भाड्यानं राहतो, बोरगावच्या कारखान्यात जातो. पहिलंच घर घ्यायचं, २० लाखांचं. मागे संत्र्याचं एक झाड आहे म्हणून सुनेला आवडलं. बयाणा देऊन बसले आणि मग बँकेत गेले. माझ्या मते चूक इथंच झाली. आधी सिबिल, मग बयाणा. साहेबानं कॉम्प्युटरात पाहिलं नि मान हलवली. आकडा निघाला ५९०.

"कितीपैकी?"

"म्हणे ९००पैकी. बारावीत त्याले ५००पैकी २१० होते, तरी पास केलं होतं!"

आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे या विषयातलं थोडंफार आमच्या स्वयंपाकघरातही सांडलेलं आहे. सिबिल ही मुंबईची कंपनी, २००० साली निघाली. कुणी कुठं कर्ज घेतलं, हप्ता कोणत्या महिन्यात चुकवला, सगळं लिहून ठेवते आणि बँकेनं विचारलं की सांगते. आकडा ३०० पासून सुरू होतो. अशा चार कंपन्या आहेत, पण आपल्याकडे चौघींनाही सिबिलच म्हणतात.

"म्हंजे आपल्याहून चोंबडी!" काकू खूश झाल्या.

तसंच म्हणायचं. फरक एवढाच की आपण निम्मं विसरतो. ती सात-सात वर्षं धरून बसते.

आता भाच्याची पापं. पहिलं, मोबाइल. हप्त्यावर घेतला, सहा महिन्यांत फुटला, मग फुटक्या फोनचे पैसे कशाला भरायचे म्हणून यानं हात आखडला. वसुलीवाल्याचे फोन आले तेव्हा अर्धेच पैसे देऊन 'सेटलमेंट' केलं आणि घरी पेढे आणले. त्याला वाटलं मिटलं. सिबिलच्या वहीत मात्र 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण फेडलं नाही, बँकेनं नाइलाजानं सोडलं. तिथं शब्द 'क्लोज्ड' पाहिजे.

दुसरं पाप त्याचं नाहीच, काकाचं. काकाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला हा जामीनदार. २०१८ च्या डिसेंबरात कमलनाथांनी शपथ घेतली त्याच दिवशी कर्जमाफीच्या कागदावर सही केली, दोन लाखांपर्यंत. आपल्या छिंदवाड्याचा माणूस मुख्यमंत्री, काकानं हप्ते भरणंच सोडलं. पण माफी होती पीककर्जाला, ट्रॅक्टरला कुठली? थकला काका, डाग लागला पुतण्याला.

"पण त्यानं तं नुस्ती सही केली होती!"

नुसती सही! आपल्याकडे लग्नात आहेर लिहावा तशी माणसं जामिनाची सही करतात.

"मंग आता? गोटमारीत डोकं फुटलं तं चंडीमायचा अंगारा लावतेत. या सिबिलले काय लावाव?"

ह्यांनी सांगितलेलं मी सांगितलं. भाच्याला म्हणावं, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आधी काढ. मोबाइलचे उरलेले पैसे भरून नो ड्यूजचं पत्र घे आणि खातं 'क्लोज्ड' करून घे. काही चुकीचं चढलं असेल तर तक्रार कर; ३० दिवसांत निपटलं नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि काकाच्या दारात जाऊन बस, ट्रॅक्टरची थकबाकी भरल्याशिवाय उठू नको. तोवर रागारागानं दहा बँकांत अर्ज टाकत फिरू नको, प्रत्येक विचारणा वहीत चढते.

एक बरं आहे. सुनेचं बचत गटाचं लोन आहे, आणि तिनं पाच वर्षांत एकही किस्त चुकवलेली नाही. तिला सोबत अर्जात घेतलं तर बँकेला जरा धीर येईल. ज्या गटाच्या मीटिंगला जाते म्हणून सासू तोंड वाकडं करत होती, त्याच गटाची वही आता कामाला येणार. काकूंना हे फारसं रुचलं नाही, कारण ती सासू म्हणजे त्यांचीच बहीण.

"घर तिच्याबी नावानं कराव लागन का मंग?"

"करावं. काय बिघडलं?"

काकू पिळलेलाच परकर पुन्हा पिळू लागल्या. तेवढ्यात मला आठवलं.

"काकू, तुमच्या धाकट्या दिरानं मागच्या पोळ्याला गाडी घेतली ना? हप्ते भरून राह्यले का? नाही, जामिनावर आमच्या ह्यांची सही आहे म्हणून विचारलं."

"अवो माय! तव्यावर भाकर ठेवून आली मी!" म्हणत काकू बादली तिथंच टाकून आत पळाल्या.

करपल्याचा वास काही मला आला नव्हता.