सहास सात

एके काळी हैदराबादच्या मराठी घरात सोलापूरच्या मामाने भाऊबीज पाठवली, की आधी त्रैराशिक मांडावं लागे. मामाचे रुपये कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे. घरातले हाली, म्हणजे निजामाचे. सहा कलदारांना साधारण सात हाली. मामाने तीस पाठवले, तर तीस गुणिले सात, भागिले सहा, उत्तर पस्तीस. बसल्या जागी पाच रुपये वाढले म्हणून पोरं खूश. इकडून तिकडे पैसे धाडायचे असले की तेच पाच गळायचे. ते गणित मोठी माणसं दार लोटून करत.

संस्थान भारतात विलीन झाल्यावरही हाली रुपया काही वर्षं चालत राहिला. शंभर भारतीय रुपयांना एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली. एवढा वाकडातिकडा भाव कुणी काढला असेल, असं वाटतं. पण पाटी घेऊन बसा. सातशेला सहाने भागा: एकशे सोळा, बाकी चार. चार रुपयांचे चौसष्ट आणे. सहाने भागले, दहा, बाकी पुन्हा चार. चार आण्यांच्या अठ्ठेचाळीस पै. सहाने भागल्या, आठ, बाकी शून्य. तो हट्टी चार रुपयांत सापडत नाही, आण्यांत सापडत नाही, आणि पैमध्ये निमूटपणे विरघळतो. मला तर हे शाळेतलं सगळ्यात देखणं गणित वाटतं.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. दशमान पद्धत सोपी, हे मान्यच. पण तोच भागाकार तिच्यात केला, तर एकशे सोळा पूर्णांक सहा, सहा, सहा... संपायचं नावच नाही. १९५९मध्ये हाली रुपयाच चलनातून गेला, म्हणून बरं. नाहीतर हैदराबादचा एखादा कारकून अजून सहाच लिहीत बसला असता.

बरं, हे सगळं कुठल्या भाषेत करायचं, हाही प्रश्नच होता. केशवराव कोरटकरांच्या पुढाकाराने १९०७मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेत शिकलेला मुलगा पुढे उस्मानिया विद्यापीठात गेला, की तिथे गणितसुद्धा उर्दूत. बाजारात तेलुगू आणि दखनी. पाढे मात्र मनातल्या मनात मराठीच! पावकी-निमकी एकदा जिभेवर बसली, की कुठलं विद्यापीठ ती उठवणार?

माझ्या नातीला पावकी माहीत नाही. तिच्या शाळेत स्टेप्सना मार्क असतात. परवाचं गणित असं: नळ सहा तासांत संप भरतो, मोटर आठ तासांत तो रिकामा करते, दोन्ही एकदम चालू ठेवले तर संप किती वेळात भरेल? तिने नीट मांडलं. नळाचं तासाचं काम एक षष्ठांश, मोटरचं एक अष्टमांश. वजाबाकी, एक चोविसांश. उत्तर, चोवीस तास.

खाली रेघ मारता मारता तिचा हात थांबला.

“आजोबा, पण आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो ना? तोही दोनच तास.”

मग आम्ही पुढची पायरी मांडली. चोवीस तास म्हणजे दोन-दोन तासांच्या बारा पाळ्या. पहिल्या दिवशी नळ आला, मग तिसऱ्या, मग पाचव्या... बारावी पाळी तेविसाव्या दिवशी. ते उत्तर तिने कंसात लिहिलं. टीचर कंस वाचत नाहीत, असं तिचं म्हणणं.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “मोटर बंद करा म्हणावं. सहा तासांत भरेल.”

सहा तास म्हणजे तीन पाळ्या, पाचवा दिवस. नातीने तेही लिहून टाकलं. मोटर बंद ठेवून पाच दिवस वरच्या मजल्यावर अंघोळी कशाने करायच्या, ते मात्र हिने सांगितलं नाही.