बेंचमार्क

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. एन-सातपासून टीव्ही सेंटरपर्यंतची पोरं त्याला 'बेंचमार्क' म्हणतात आणि पोरांचे बाप 'तो कॉम्प्युटरवाला' म्हणतात. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नोकरी वाळूजला, एका व्हेंडर कंपनीच्या क्वालिटी विभागात. गाडीच्या किल्लीला बाद झालेली रॅमची पट्टी लटकवलेली. कपाळावर कायमची आठी. ती जन्मजात नाही, लोक अजून आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतात म्हणून पडलेली आहे.

संभाजीनगरात त्याचा हंगाम सुरू होतो तो जून-जुलैत. सीईटीचा निकाल लागतो, पोराचा कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागतो आणि 'ॲडमिशन होऊ दे, मग बघू' हा बापाने चार वर्षांपूर्वी सहज दिलेला शब्द अंगाशी येतो. मग एका रविवारी बेंचमार्कला घरी बोलावलं जातं. तो येतो, सोफ्याच्या कडेवर बसतो, पोह्यांना नाही म्हणत नाही आणि खिशातून कागद काढून विचारतो, "काका, बजेट काय म्हणायलंय?"

काका आकडा सांगतात. बेंचमार्क त्यात पंधरा हजार मिळवतो आणि मगच लिहितो.

कार्डाचा विषय मात्र तो लगेच काढत नाही. आधी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. दुकानदाराने कॅबिनेटसोबत फुकट दिलेल्या एसएमपीएसकडे तो ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मुलीचा बाप बिननोकरीच्या स्थळाकडे बघतो. "कार्ड एकटं एकशेऐंशी वॉट खाणार, प्रोसेसरचं वेगळं. आणि वरून आपला एरिया."

आपला एरिया म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जायकवाडी भरो नाहीतर न भरो, नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतराने. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या मोटारी एकाच मिनिटाला सुरू होतात. ट्यूबलाइट डोळा मारते, पंखा रेंगाळतो आणि कुठल्या तरी घरात बाराशे रुपयांच्या एसएमपीएसवर टेकलेला पाऊण लाखाचा कॉम्प्युटर मॅचच्या शेवटच्या राउंडला डोळे मिटतो. म्हणून बेंचमार्कला त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक पाठ असतं. 'नळाच्या दिवशी रँक्ड खेळायचं नाही आणि बायोस तर हातात धरायचंच नाही' हा त्याचा दंडक आहे. परदेशातले समीक्षक एकेक कार्ड डझनावारी गेमांवर तपासतात, आलेख काढतात. शेजारच्यांच्या दीड हॉर्सपॉवरच्या मोटारीसमोर ते कसं टिकतं, हे अजून एकानेही तपासलेलं नाही. ती विद्या जगात फक्त याच्याकडे आहे.

मे महिन्याचंही त्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला की कार्डाचे पंखे ओरडायला लागतात आणि एखादी काकू सुचवते, "कूलर तिकडं वळवला तर?" त्यावर बेंचमार्कचा चेहरा असा होतो, की काकू पुन्हा त्या खोलीतल्या यंत्राविषयी तोंड उघडत नाहीत. "काकू, कूलरची हवा ओली असती. तुम्हाला बरं वाटल, कार्डाला नाही."

एवढं झाल्यावर मग तो रंगावर येतो. एनव्हिडिया हिरवी, एएमडी लाल आणि २०२२ पासून आर्क नावाची कार्डं घेऊन दारात उभी असलेली इंटेल निळी. आता या शहरात रंगाचं नाव घ्यायच्या आधी माणूस मागे कोण बसलंय ते बघतो. बेंचमार्क बघत नाही. कॅनॉटच्या चहाच्या टपरीवर तो एकदा भर गर्दीत म्हणाला, "हिरव्यांनी लै माज केलाय, यंदा लालला संधी द्यायला पाहिजे." शेजारच्या बाकावरचे दोघे कटिंग अर्धा ठेवून उठले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं, तेव्हा हा त्याच टपरीवर ओरडत आला, "निळे हिरव्यांसोबत गेले!" टपरीवाला ढिम्म. त्याने ही बातमी २०१९ च्या लोकसभेलाच ऐकली होती.

बापमंडळींना ही सगळी भांडणं समजावून देण्याची त्याची हातोटी वादातीत आहे. एनव्हिडिया १९९३ ची. तिच्या तिघा संस्थापकांतले जेन्सन हुआंग आजही तिचे प्रमुख. समोरचं रेडियन मूळचं कॅनडातल्या एटीआय कंपनीचं, ती एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू. दोघंही तैवानात जन्मलेली, लहानपणीच अमेरिकेत गेलेली आणि नात्याने एकमेकांची लांबची भावकी. इथवर आलं, की तोपर्यंत पेपर वाचणारे काका चष्मा काढतात. मेमरी, बँडविड्थ, शेडर यातलं काहीही न कळलेल्या माणसाला अचानक सगळं कळतं. "म्हणजे भाऊबंदकी आहे म्हण की. मग वाद बांधावरनं का हिश्शावरनं?"

"बाजारातल्या हिश्शावरनं, काका."

"तेच म्हणलं."

यावर तो आणखी एक पत्ता टाकतो. दोघांच्याही हल्लीच्या कार्डांतली चिप तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत बनते. कुठल्याही शहरातल्या भक्ताला हे पचायला जड जातं, वाळूजच्या माणसाला जात नाही. "आमच्याकडं पण दोन दुश्मन कंपन्यांचा माल एकाच मशीनवर निघतो," बेंचमार्क सांगतो. "सकाळच्या शिफ्टला याचा, दुपारच्या शिफ्टला त्याचा. स्टिकर तेवढा बदलायचा." काकांनीही उभी हयात वाळूजला काढलेली असते. ते मान डोलावतात.

दोघांची पापंही त्याच्या वहीत चोख आहेत. २००१ मध्ये एटीआयचा ड्रायव्हर 'क्वेक' हा गेम नावावरून ओळखून गुपचूप चित्राचा दर्जा उतरवायचा आणि वेग वाढवून दाखवायचा. कुणीतरी त्या फाईलचं नाव बदलून 'क्वॅक' केलं आणि वेग लगेच खाली आला. २००३ मध्ये थ्रीडीमार्क नावाच्या चाचणीत एनव्हिडियावरही तसलाच ठपका आला. थोडक्यात, बोर्डाच्या परीक्षेत दोघांनीही कॉपी केलेली. मराठवाड्यात यावर जास्त स्पष्टीकरण लागत नाही. पण त्याचा खरा डूख आहे तो जीटीएक्स ९७० वर. २०१४ मध्ये चार जीबीचं म्हणून विकलेल्या त्या कार्डात शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फार हळू चालायचा. अमेरिकेत खटला झाला, २०१६ मध्ये कंपनीने तिथल्या गिऱ्हाइकांना माणशी तीस डॉलर द्यायचं कबूल केलं. बेंचमार्क तेव्हा शाळेत होता आणि त्याच्याकडे ते कार्ड नव्हतं. तरी ते तीस डॉलर आपल्याला आले नाहीत, हे तो आजही तुटलेल्या आवाजात सांगतो.

नावांच्या गोंधळाचं म्हणाल तर तो त्यात सहज पोहतो. आरटीएक्स आणि आरएक्स, एकाच्या शेपटीला टीआय तर दुसऱ्याच्या शेपटीला एक्सटी. एएमडीने सात हजारच्या मालिकेनंतर आठ हजारच्या आकड्याला बगल देऊन बाजारात थेट नऊ हजारची कार्डं आणली आणि आकडे एनव्हिडियाच्या वळणावर नेले. काका वैतागतात. पण खडकीचं फतेहनगर, फतेहनगरचं औरंगाबाद आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालेल्या गावात राहून नाव बदलल्याची तक्रार करणं त्यांनाही शोभत नाही.

आता गंमत अशी, की या माणसाच्या स्वतःच्या घरी रेडियन आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं बाजारात पडेल भावाने यायला लागली. तेव्हा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्याने एक आरएक्स ५८० उचललं. त्याला तो 'म्हातारा' म्हणतो. दर दिवाळीला त्याची पेस्ट बदलतो, पंख्यांना तेलाचा थेंब देतो. हिशेबाने मन त्याचं लालच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात सोळा जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी अमेरिकेत ३४९ डॉलरला आलं, तर सोळा जीबीचंच आरटीएक्स ५०६० टीआय ४२९ ला. ऐंशी डॉलरचा हा फरक त्याला झोपेतही दिसतो. इथल्या दुकानात त्यावर अठरा टक्के जीएसटी चढून तो आणखी फुगतो, हेही दिसतं. 'एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं चित्र सरस असतं, पण एएमडीचं एफएसआर पण आता जवळ आलंय' हे तो मित्रांत छातीठोक सांगतो.

आणि तरीही, सोफ्यावर बसला की काकांना सांगतो, "एनव्हिडिया घ्या."

मी त्याला एकदा खोदून विचारलं. मत एकाला आणि प्रचार दुसऱ्याचा, हे कसं? त्याने इकडेतिकडे पाहिलं. "बघा, रेडियन घ्या म्हणलो आणि सहा महिन्यांनी स्क्रीन काळी पडली, तर काका म्हणणार, त्या कॉम्प्युटरवाल्यानं गळ्यात मारलं. एनव्हिडिया घेतलं आणि काळी पडली, तर म्हणणार, नशीब." मोटार जळली तर वाइंडिंगवाला, साखरपुडा मोडला तर मध्यस्थ आणि कार्ड बसलं तर बेंचमार्क, हा इथला न्याय त्याला ठाऊक आहे. सल्ला तो फुकट देतो, पण त्याची वॉरंटी तीन वर्षं चालते.

दुसरं कारण त्याने आणखी हळू सांगितलं आणि मला वाटतं, या शहरापुरतं तेच खरं आहे. कार्ड निवडतो पोरगा, पैसे देतो बाप आणि बापाला 'गेम' हा शब्द ऐकू येता कामा नये. अशा वेळी एनव्हिडियाकडे एक असं हत्यार आहे, की त्याच्यापुढे सोळा जीबी झक मारते. ते म्हणजे कुडा. ग्राफिक्स कार्डाकडून चित्रांखेरीज आकडेमोड करून घेणारी, २००७ च्या सुमारास बाजारात आलेली ही व्यवस्था. आज एआयचा धंदा बराचसा तिच्यावर चालतो. त्या धंद्यातून एनव्हिडियाला एवढा पैसा मिळतो, की गेम खेळणाऱ्या गिऱ्हाइकावर आता तिचा संसार अवलंबून राहिलेला नाही. रेडियनकडे तोडीस तोड उत्तर आहे, असं लालवाले म्हणतात. असेल. पण ते बापाला दोन वाक्यांत सांगता येत नाही.

"काका, कॉम्प्युटर ब्रँच आहे. तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंग येतं. त्याला कुडा लागतो."

"कुडा?" आतून आजी म्हणतात. "घे की मग. पोटाला चांगला असतो."

खोलीतलं वजन एकदम हलकं होतं. पोरगा भिंतीकडे बघून हसू दाबतो. पण काका अनुभवी, ते शेवटचा बाण काढतात. हा बाण प्रत्येक घरात निघतो आणि प्रत्येक वेळी बेंचमार्कच्या वर्मी बसतो. "ते कार्ड नसलं तर कॉम्प्युटर चालूच होत नाही का?"

बेंचमार्क खोटं बोलत नाही. बहुतेक प्रोसेसरांमध्येच बेतास बात ग्राफिक्स असतं, सिनेमा दिसतो, वर्ड उघडतं. तो खाली मान घालून पुटपुटतो, "होतो."

पुढची दहा मिनिटं कशी जातात ते मी लिहीत नाही. शेवटी काकू मध्ये पडतात, हप्त्यांवर तोडगा निघतो.

आणि एवढा सगळा खल होऊन निराला बाजारातल्या दुकानात काय होतं? काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "पाच हजार साठ टीआय आठ जीबी आहे. सोळा पाहिजे तर आठ-दहा दिवस लागतील. भाव तेव्हाचा." बेंचमार्कची आठी कानापर्यंत जाते. तो पोराचा हात धरून बाजूला नेतो. थांब म्हणतो, आठ घेतलंस तर पस्तावशील म्हणतो, टेक्स्चर म्हणतो. पण पोराने अकरावी-बारावीची दोन वर्षं थांबून काढलेली असतात. शिवाय बाप आत्ता दुकानात उभा आहे, आठ-दहा दिवसांनी असेलच असं नाही. हे गणित पोराला बेंचमार्कपेक्षा चांगलं येतं. आठ जीबीचं खोकं घरी येतं. हळदकुंकू लागतं, कॅबिनेटवर नारळ फुटता फुटता वाचतो. त्या राक्षसी कार्डावर पहिला गेम पडतो तो 'व्हॅलोरंट', जो बेंचमार्कच्या म्हाताऱ्यावरही लोण्यासारखा चालतो.

बेंचमार्क त्या संध्याकाळी पेढा घेऊन निघतो तेव्हा दुःखी असतो. पण त्याच आठवड्यात वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये वेगळंच घडतं. कार्ड म्हणजे एटीएमचं असं समजणारे काका खिडकीशी बसून शेजाऱ्याला सांगत असतात, "आपण एनव्हिडियाच घेतलं. दुसऱ्या कंपनीत कुडा नसतो. आणि त्यांची आपसात भाऊबंदकी आहे, माहितीय का?" पैसे गेले की माणूस पक्षात जातो. महिनाभरात काका हिरव्यांचे इतके कट्टर होतात, की बस क्रांती चौकातून निघून वाळूजजवळच्या पंढरपुरात पोचेपर्यंत लालची बाजू घ्यायला कुणी धजत नाही.

शेजाऱ्यालाही पोरगा असतोच. रात्री बेंचमार्कचा फोन वाजतो.

"हां काका, बोला. बजेटचं नंतर बघू. आधी सांगा, पोरगा कोणत्या शाखेला आहे?"

"कॉमर्स."

बराच वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज. टॅलीला कुडा लागत नाही, हे त्याच्यातल्या सज्जन माणसाला माहीत असतं.

"रविवारी येतो," तो शेवटी म्हणतो. "तोवर त्याला म्हणाव, कुठंतरी व्हिडिओ एडिटिंगचा क्लास लावून घे."