शनिवार-रविवार पिंट्या असतो कुठं?

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधली भिंत कमरेएवढी आहे. चोर अडवायला बांधली असेल तर पैसे पाण्यात गेले. कोपर टेकून बोलायला बांधली असेल तर गवंडी हुशार होता. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून कोल्हापुरातल्या या गल्लीत मी 'बाई'. वहिनींचा पिंट्या लॉच्या तिसऱ्या वर्षाला. सोमवारी सकाळी वहिनी दोरीवर त्याचे कपडे टाकायला लागल्या की त्याचा शनिवार-रविवार आम्ही दोघी तिथंच उलगडून बघतो.

"ह्यो शर्ट बघा. दोनदा धुतला, धुराचा वास जाईना."

"रस्सा मंडळ?"

"दुसरं काय? शनिवारी रात्री कुणाच्यातरी मळ्यात तीन दगडाची चूल मांडायची. मटण, पातेलंभर तांबडा, पातेलंभर पांढरा. मी म्हटलो, अरे घरात करून घालतो की! तर म्हणतंय, आई, मळ्यातल्या रश्श्याची चव वेगळी. चव कसली ओ? रातभर राजकारण चघळत बसत्यात. त्या नादात मटण करपलं तरी कुणाला पत्ता नसतोय."

मग निळ्या चिमट्यात अडकला पेठेच्या संघाचा टीशर्ट. रविवारची दुपार शाहू स्टेडियमवर गेली, हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. बाहेरगावच्या सुना इथं आल्या की आधी बुचकळ्यात पडतात. महाराष्ट्र सगळा क्रिकेटवर मरतो आणि हे गाव फुटबॉलवर! पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. सामना पेठांचा, गॅलरी पेठांची, आणि हरलं तर घरातलं जेवणही पेठेच्या सुतकातलं.

"खेळ बघायला जातंय, चांगलं आहे की," मी म्हटलं.

"खेळ? चौकातलं डिजिटल बघितलं न्हाई व्हय तुम्ही?"

डिजिटल म्हणजे फ्लेक्सचा फलक. तो मी पाहिला होता, पण वहिनींच्या तोंडून ऐकायची मजा सोडायची कशाला? म्हटलं, "न्हाई बाई. कसलं?"

"वाढदिवसाचं. साहेबांचा फोटो दाराएवढा. खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत गॉगल लावून आमचं रत्न. त्यातबी अर्धं तोंड खांबाआड. खाली लिहिलंय 'आणि मित्रपरिवार'. घरात ताट उचलायला एक परिवार सापडत न्हाई! बरं, पुढच्या महिन्यात त्याच चौकात दुसऱ्या पार्टीच्या डिजिटलवर पुन्हा हेच तोंड, हाच गॉगल. मी विचारलं, बाबा, तू आहेस तरी कुणाचा? तर म्हणतंय, आई, ज्यानं चषक भरवला त्याचं डिजिटल लागतंय. फोटो पेठेचा, पार्टीचा न्हाई."

पोरगं अगदीच खोटं बोलत नव्हतं. लीग संपली की इथं चषकांचा हंगाम लागतो, आणि त्यांतले कितीतरी पुढाऱ्यांच्या नावाचे. बक्षिसाची रक्कम त्यांची, मांडव त्यांचा, उद्घाटनाला किक मारायला बूटही त्यांचेच. गॅलरीत ढोल बडवणाऱ्या पोराला वाटतं आपण मॅच बघायला आलोय. खाली सोफ्यावर बसलेल्याला मात्र समोर गठ्ठ्यानं मतं बसलेली दिसतात. आज गॅलरीत, उद्या मिरवणुकीत, परवा सभेत खुर्च्या मांडायला. सतरंज्या उचलायची भरती अशी रविवारी दुपारी होते आणि तिला अर्ज लागत नाही.

वहिनींना नेमकी धास्ती तीच. "वकील व्हायला घातलाय आणि हे सतरंज्या उचलायला जाणार!"

एवढ्यात आमचे हे पेपर घेऊन ओट्यावर आले. वहिनींचं शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि गडी खुलला. हे त्यांच्या कॉलेजात जी.एस., म्हणजे विद्यार्थ्यांचे सरचिटणीस होते. ती जीप, तो गुलाल, पडलेल्या उमेदवाराच्या घरी जाऊन खाल्लेली भजी हे सगळं आमच्या घरात लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा उघडलं गेलंय.

"आमच्या वेळी सतरंज्या उचलायची भानगडच नव्हती. थेट निवडणूक!"

"आणि थेट मारामारी," मी म्हटलं.

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, कारण ते खरं होतं. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा कॉलेज निवडणुकीच्या वादातून खून झाला. पुढं १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. ज्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही तो वर्गाचा पुढारी! २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, पण ती कागदावरच राहिली. योगायोग असा की, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं तेही १९८९ मध्येच. म्हणजे दिल्लीचं सरकार निवडायला पोरगं शहाणं, कॉलेजचा जी.एस. निवडायला अजाण.

"बरं झालं की बंद झाल्या ते," वहिनी म्हणाल्या. "डोकी तरी फुटायची थांबली."

"अहो, कॉलेजातनं निवडणूक गेली, पण पोरांच्या डोक्यातनं कुठं गेली? ती मळ्यात गेली, तालमीच्या कट्ट्यावर गेली, गॅलरीत गेली. कॉलेजात निदान समोरचा आपल्याच वयाचा असायचा. पडलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बाकावर बसायला लागायचं. हरायचं कसं हे तिथं शिकायला मिळायचं. आता पोरगं थेट साहेबाच्या मांडवात जातं, आणि तिथं शिकायला काय? साहेब आले की उठायचं."

वहिनी गप्प झाल्या. मग दोरीवरून एक पायमोजा काढून माझ्यापुढं धरला. टाचेला भोक.

"हे हत्तीणीचं."

गेल्या वर्षीची ती नांदणीची पदयात्रा कोल्हापुरात कोण विसरेल? शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी, लोकांची माधुरी. तीस वर्षांहून जास्त काळ तिथं राहिलेली. जुलै २०२५ मध्ये आधी उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि हत्तीण गुजरातेत वनतारा या प्राणी-केंद्रात गेली. गाव रडलं. ३ ऑगस्टला, रविवारी, नांदणीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत लोक चालत आले. जवळपास ४५ किलोमीटर. वनतारा ज्यांचं, त्यांच्याच कंपनीची मोबाईलची सिमकार्डं बदलायची तर लाटच आली होती.

"कोपऱ्यावरनं कोथिंबीर आण म्हटलं तर ह्याला गाडी लागती, आणि हत्तीणीसाठी नांदणीपासनं चालत! रात्री मिठाच्या पाण्यात पाय घालून बसलं होतं. फोड बघून मला रडू आलं. ते मात्र मोबाईलवर निकाल वाचत बसलेलं."

ते मला ठाऊक होतं, कारण दुसऱ्या दिवशी पिंट्या लंगडत या भिंतीशी आला होता. त्यांच्या मळ्यातल्या मंडळात एका पोरानं विचारलं होतं, "निकाल वाचलाय का रे कुणी?" सगळे गप्प. मग पिंट्यानं वाचला. "बाई," मला म्हणाला, "त्यात तिच्या पायांच्या जखमांबद्दल लिहिलंय, एकटं राहून तिची जी अवस्था झाली तिच्याबद्दल लिहिलंय. लोकांचा जीव होता तिच्यावर, तेबी खोटं न्हाई. मी चाललो ते बरोबर का चूक, सांगा."

मी सांगितलं नाही. लॉच्या पोराला तयार उत्तर दिलं तर त्याची फी वाया जाते.

वहिनींना हे सांगितलं, तर त्यांनी पायमोजा पुन्हा दोरीवर टाकला, भोकासकट. "मला म्हणाला न्हाई हे."

"आईला कोण सांगतं?"

"रविवारी मामाकडं जातंय तेबी असंच. कागलकडं. मला वाटायचं, मामाच्या उसात बसून हुरडा-बिरडा खात असतील. तर तिथंबी मोजणी आणि नकाशे!"

मोजणी नियोजित शक्तिपीठ महामार्गाची. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत, ८०० किलोमीटरच्या आसपास. इथल्या बागायती पट्ट्यात त्याचं नाव काढलं की माणसं हातातला विळा खाली ठेवून बोलतात. गेल्या जुलैत पंचगंगेच्या पुलावर हायवे अडवला होता, तेव्हा पिंट्याचा मामाही त्यात होता. आता भाचा त्याला भूसंपादनाच्या नोटिशीतली भाषा समजावून सांगतो. मामा त्याला उसाचा ताळेबंद समजावतो: लावण, खोडवा, पाणीपट्टी, कारखान्याचं बिल कधी येतं. माझ्या मते त्या बांधावर भाच्यापेक्षा मामाच जास्त कायदा शिकवत असेल.

"आणि बाई, ह्यांच्या मंडळात भांडणं किती!" वहिनी सुरूच. "मराठ्याचं आहे, धनगराचं आहे, बौद्धाचं आहे, एक मुसलमानाचं, एक जैनाचं. ते जैनाचं नुसतं भात आणि दही खातंय, पण बोलतंय सगळ्यांत जास्त. आरक्षणावरनं परवा एवढी जुंपली की दोघं जेवायचेच राहिले."

"मग?"

"मग काय? पुढल्या शनिवारी पुन्हा तिथंच. रस्सा कुणी सोडतंय व्हय?"

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखायचा हुकूम काढला आणि जातीजातींच्या पोरांसाठी याच गावात बोर्डिंगं उभी केली. त्या गावात सव्वाशे वर्षांनी आरक्षणावरून पोरं भांडणार नाहीत तर कशावरून भांडणार? भांडून पुन्हा एका चुलीला बसतात, हे महत्त्वाचं. मोठी माणसं तेवढंही करत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडतात.

"ते सगळं खरं," वहिनींचा आवाज खाली आला. "पण भीती वाटती ओ. पानसरे अण्णा सकाळचं फिरून घरला येत होते. बायको सोबत. काय केलं होतं त्यांनी? पुस्तकं लिहिली, भाषणं केली. आपल्याच गावात झालं ते."

१६ फेब्रुवारी २०१५. कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या तो दिवस. चार दिवसांनी अण्णा गेले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विचारस्वातंत्र्यावर अख्खा धडा असतो, पण आईच्या या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, डिजिटलवरचा फोटो मलाही आवडत नाही. पण निकाल वाचणारं पोरगं तुम्ही घरात कोंडून ठेवणार का?"

"कोंडायला काय, बकरी हाय?" वहिनी फिस्सकन हसल्या. "पण आता एकवीस लागलं त्याला. म्हणजे पुढच्या खेपेला नगरसेवकाला उभंबी राहता येतंय म्हणं. आमचं घर ह्यातलं न्हाई, बाई. आम्हाला राजकारणातलं काय कळतंय?"

आता माझी पाळी होती. ज्या बाईनं बचत गटाची अध्यक्षा पाडून दाखवली, दूध संस्थेच्या निवडणुकीत दिराचं पॅनेल आणि भावाचं पॅनेल दोन्हीकडचा चहा प्यायली आणि दोघांनाही शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही, तिला राजकारणातलं कळत नाही!

"मग जानेवारीत काय केलंत?" मी विचारलं.

१५ जानेवारी, किंक्रांतीचा दिवस. महापालिकेची आधीची निवडणूक २०१५ ची. २०२० च्या नोव्हेंबरपासून प्रशासकाचा कारभार. एवढ्या वर्षांनी मतदान आलं ते चार-चार नगरसेवकांच्या प्रभागाचं. ८१ जागा; एक पाच जणांचा प्रभाग सोडला तर एकेका मतदाराला चार मतं. पिंट्यानं आदल्या संध्याकाळी तिळगूळ वाटता वाटता अख्ख्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना अ, ब, क, ड समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी तो कुठल्या साहेबाचा नव्हता. माझ्या विषयाचं एवढं चोख प्रात्यक्षिक मला वर्गात कधी जमलं नाही.

वहिनींनी आजूबाजूला बघितलं. आमचे हे पेपराआड होते. त्या भिंतीवर वाकल्या.

"सांगतो, पण तुमच्यातच ठेवा. पहिलं मत बाईला. पार्टी बघितली न्हाई. सासूला रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं होतं तवा तिनं रिक्षा आणली होती. दुसरं ह्यांच्या पार्टीला. घरात शांतता पाहिजे. तिसरं पिंट्यानं सांगितलं त्याला. महापालिकेचं त्याचं पहिलंच मतदान, म्हटलं मान राखूया. आणि खरं सांगू? त्या उमेदवारानं प्रचाराला आल्यावर ह्याच्या प्रश्नाला उभ्यानं उत्तर दिलं होतं. बाकीचे नुसते हात जोडून फुडं गेले."

एक मत उपकाराचं, एक संसाराचं, एक पोराचं. पक्षाचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी एकदा या भिंतीशी येऊन उभं राहावं.

"आणि चौथं?" मी आणखी वाकले.

वहिनींनी रिकामी बादली उचलली. "मतदान गुप्त असतंय, बाई. तुम्हीच शिकवताय की."