‘काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना खुले पत्र

डॉक्टरसाहेब,

माझ्या मुलीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून तुम्ही म्हणालात, “हाडं ठणठणीत आहेत, काही झालेलं नाही.” तिचा दुखरा खांदा दोन फुटांवर होता, त्याला तुम्ही हातही लावला नाही. इतक्या लांबून निदान करायचं कसब कुठं कमावलंत? वर सल्ला दिलात, “लग्न झालं की बरं वाटेल.” हा उपचार कोणत्या पुस्तकात छापलाय, तेही कळवा. फाईलवर मात्र एकच शब्द लिहिलात: मानसिक.

तिचे सांधे जन्मापासून अति लवचिक आहेत. एक्स-रेत हाड दिसतं, त्याला धरून ठेवणारे सैल अस्थिबंध दिसत नाहीत. मग सांधा जागेवर ठेवायला स्नायू दिवसभर राबतात आणि रात्री ठणकतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. करंगळी नव्वद अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर-गुडघे उलटे वाकतात का, गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीला लागतात का, एवढंच पाहायचं. दोन्ही बाजूंचे धरून एकूण 9 गुण. सांध्यांच्या अति लवचिकतेसाठी 2017 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तरुण माणसाला 5 पुरतात. नुसत्या गुणांवर आजार ठरत नाही. सैल सांध्यांच्या कितीतरी लोकांना कधीच काही दुखत नाही. म्हणूनच जिला दुखतं तिचं ऐकून घ्यायचं असतं.

तुमच्या त्या एका शब्दानं घरात काय झालं, ते ऐका. “पोरगी अंग चोरते” असं सगळे म्हणू लागले. सोयाबीनच्या सोंगणीला ती गेली. विळ्याच्या बारीक मुठीवर बोटं मागं उलटायची, आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वतःची वेणी घालता येईना. मग नातेवाईकांनी तिला सांधे ओढून ‘बसवणाऱ्याकडे’ नेलं. आधीच सैल असलेला खांदा त्यानं हिसका देऊन आणखी ओढला.

अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिचं म्हणणं ऐकलं. ताण देणं बंद, ताकद वाढवणं सुरू. कोपर पूर्ण उलटं जायच्या आत थांबवायचं. भिंतीला तळवा टेकून खांद्यानं हळूहळू दाब द्यायचा. विळ्याच्या मुठीला चिंधी गुंडाळायची. काम तुकड्या-तुकड्यानं करायचं, आणि बरं वाटलं म्हणून सगळं एकाच दिवशी उरकायचं नाही. दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही कदाचित. पण ती आता रात्री झोपते.

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवडमध्ये माणसांना टक्कल पडू लागलं, तेव्हा आयसीएमआरचं पथक आलं. यायलाच हवं होतं. पण टक्कल डोळ्यांना दिसतं. खांद्यातली कळ फक्त सांगता येते, आणि ती सांगायला आलेल्या बाईला तुम्ही वेडी ठरवता.

तुमच्या दारात रांग असते, मला ठाऊक आहे. त्या रांगेत आणखी कुणाच्या तरी मुली असतील. त्यांचा अंगठा मनगटाला टेकतो का, एवढं तरी बघा. आणि सोमवारी मी तिची फाईल घेऊन येते आहे. ‘मानसिक’वर काट मारा आणि खाली सही करा.

एक आई,
चिखली, जि. बुलढाणा