ऐकलंत का, भाऊंचा कॉम्प्युटर विकायला निघालाय!

अहो वहिनी, जरा अशा कुंपणाजवळ या ना. मोठ्यानं बोलायची सोय नाही. ऐकलंत का, किराणावाल्या भाऊंनी तो कॉम्प्युटर विकायला काढलाय! हो हो, तोच. पाडव्याला हार घालून, नारळ फोडून बसवला होता, नि आपल्याला पेढे दिले होते... पेढे बाकी चांगले होते हो.

मी तेव्हाच म्हटलं होतं आमच्या ह्यांना. पण ह्यांचं आपलं, ‘भाऊंचा पोरगा हैदराबादला शिकलाय, त्याला कळत असेल.’ काय कळलं? टच स्क्रीन, बारकोडचा स्कॅनर, बिलाचं मशीन, कॅमेरे, इन्व्हर्टर, वर वेबसाइट. सगळं एकदम, तेही हप्त्यावर! तो विकायला आलेला टाय घातलेला मुलगा म्हणे भाऊंना ‘सर, सर’ करत होता. भाऊंना जन्मात कोणी सर म्हटलंय का? तिथंच पाघळले.

आणि मला सांगा, भाऊंच्या दुकानात निम्मा माल सुटा. तूरडाळ, ज्वारी, गूळ, मिरची. गुळाच्या ढेपेवर कुठला आलाय बारकोड? तर म्हणे त्यासाठी लेबल काढणारा वेगळा काटा घ्या. म्हणजे पुन्हा खर्च, आणि दरवर्षी शिक्का मारून घ्यायला आणखी एक काटा. उधारीचं तर विचारूच नका. भाऊ वहीत लिहितात, ‘जैनदचा, लाल मोटरसायकलवाला’. कॉम्प्युटर मागतो मोबाइल नंबर! कापूस विकला की पैसे देणारी माणसं ती, त्यांचा नंबर दर हंगामाला बदलतो.

तर काय सांगत होते... हां, ते हिशेब लिहिणारे काका आले होते ना, तेव्हा खरी मजा झाली. मी तिथंच होते, साबुदाणा घेत होते. पोरगा ऐटीत दाखवतोय, ‘बघा काका, बिलावर टॅक्स आपोआप येतो.’ काकांनी चष्मा वर केला नि म्हणाले, ‘अरे बाळा, तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहात. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत, विक्रीवर 1 टक्का खिशातून भरायचा नि मोकळं व्हायचं. गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही तुम्हाला, बिलावर दाखवणार कसला?’ वहिनी, पोराचा चेहरा असा उतरला! तरी धीर करून म्हणतो, ‘पण वेबसाइटवरून पांढरकवड्याला माल पाठवणार आहोत.’ काका म्हणाले, ‘पैनगंगा ओलांडली की ते दुसरं राज्य. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही.’ भाऊंनी हातातली डाळ तशीच पोत्यात सोडली. बोलले काही नाहीत. पण भाऊंच्या घरच्या काकू म्हणजे काकू, आतून ओरडल्या, ‘हे आधी विचारायला तोंड नव्हतं का कोणाला?’

त्यावर मीठ चोळायला भाऊंचे पांढरकवड्याचे मेहुणे होतेच. ते म्हणे नुसते हसत होते. तिकडं महाराष्ट्रात मालाच्या धंद्याला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, आपल्या तेलंगणात 20 लाखांवरच लागते. नदीच्या अल्याड-पल्याड एवढा फरक, नि मेहुणे तो दर भेटीत ऐकवतात. मेहुणे कसले, वैरी!

आणि घटस्थापनेला आठवतंय ना, 22 सप्टेंबर 2025 ला, जीएसटी उतरला नि साबण, टूथपेस्ट, बिस्किटं सगळी 18 वरून 5 टक्क्यांवर आली? बायका टीव्हीवर बघून थेट दुकानात. कॉम्प्युटरमध्ये मात्र जुनेच भाव! कंपनीला फोन केला तर आधी वर्षाचे मेंटेनन्सचे पैसे भरा म्हणाले. कुठली कंपनी, ते मी सांगणार नाही बाई. शेवटी काकूंनी पाटीवर खडूनं नवे भाव लिहिले नि तासाभरात भांडणं मिटली.

हो, आणि तो बोलणारा डबा! ‘इतके रुपये मिळाले’ म्हणणारा. पोरानं तो आधी इंग्रजीत लावला होता. भाऊंच्या घरचे आजोबा गल्ल्यावर बसायचे, त्यांना आकडाच कळेना. कुणी मोबाइलवर खोटा स्क्रीनशॉट दाखवून तेलाचा डबा घेऊन गेला, तेव्हा कुठे मराठीत बदलला. माझं मत विचाराल तर त्या सगळ्या पसाऱ्यात कामाचा तेवढा तोच. महिन्याला शंभर-सव्वाशे भाडं, नि गिऱ्हाइकानं बँकेच्या खात्यातून यूपीआयनं दिलं की दुकानदाराकडून कमिशन नाही, 2020 पासून नाहीच.

पण त्याआधी, 2025 च्या जुलैत, बंगळुरूची बातमी आली ना, यूपीआयचा हिशेब बघून दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर 29 लाखांची! तिकडं लोकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ची पाटी लावली. झालं, भाऊंनीही डबा उचलला नि मिरचीच्या पोत्यामागं लपवला. बंद करायचं सुचलं नाही! पोत्यामागून आवाज, ‘साठ रुपये मिळाले!’ लोक दचकले की हो. आता रोखीनं घेतलं म्हणून उलाढाल काय कमी होते? टॅक्स लागायचा तर लागणारच. पण वहीतला आकडा नि डब्यातला आकडा जुळतो का... जाऊ दे, मी कशाला बोलू.

आणि इकडं ती झेरॉक्सवाली अक्का बघा! आपण तिला बिचारी बिचारी म्हणत होतो. हिनं काय केलं, पावसाळ्यात एक जुना प्रिंटर-स्कॅनर घेतला, नि नेटचं चांगलं कनेक्शन. बस्स. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘सीसीआयचं, म्हणजे कापूस महामंडळाचं ॲप येतंय.’ आपल्याला वाटलं, काहीतरीच. आणि आलंच की ते ‘कपास किसान’! सरकारी भावानं कापूस घालायचा तर आधी ॲपवर नोंदणी, मग स्लॉट. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल, सोडतो कोण? पण बेल्याच्या, तामसीच्या म्हाताऱ्यांकडे कुठला आलाय स्मार्टफोन? असला तर आधार दुसऱ्याच नंबरला जोडलेलं. सगळे अक्काकडे. पासबुक स्कॅन, आधार स्कॅन, ओटीपी, प्रिंट. सकाळी शटर उघडायच्या आधी रांग.

ती हुशार अशी की स्लॉटची तारीख वहीत लिहून ठेवते नि आदल्या दिवशी फोन करून सांगते, ‘मामा, दव पडतंय, कापूस उन्हात घालून आणा. 12 टक्क्यांवर ओल भरली तर परत पाठवतील, आठावर गेली तरी भाव कापतील.’ आपली आदिलाबादची थंडी माहीतच आहे ना तुम्हाला! एवढ्या एका फोनवर माणसं दुसरीकडे जात नाहीत.

तर परवा ती भाऊंच्या दुकानात गेली. सगळ्यांना वाटलं, घेतेय वाटतं कॉम्प्युटर. पोरानं धूळबीळ पुसून चालू करून दाखवला, टच कसा छान चालतो ते सांगितलं. अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं नि म्हणाली, ‘हे नको मला. तो इन्व्हर्टर देता का? लाइट गेली की माझा प्रिंटर बंद पडतो. बॅटरी केव्हाची आहे, पावती दाखवा.’ पोरगा लालेलाल! काकू मात्र पदरात तोंड लपवून हसत होत्या, मी पाहिलं ना.

सौदा ठरला. अक्कानं मोबाइल काढला नि विचारलं, ‘डबा कुठाय, स्कॅन करते.’

भाऊ घाईघाईनं म्हणाले, ‘नको नको, रोखच द्या!’