डोळे मिटून घास

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि सोमवारी तर लेणीच बंद. आमच्या फर्दापूरच्या परसात दोन्ही बाबतीत सूट आहे. पहिला दणक्याचा पाऊस झाला, की न्हाणीमागच्या दगडांखालून भेक निघतात, दिव्याखाली ठाण मांडतात आणि पंख फुटलेली वाळवी टिपत बसतात. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळला. 1864 मध्ये त्याची छायाचित्रं पुस्तकरूपाने निघाली. तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना न हलणारं गिऱ्हाईक लागे. गिलला लेणी मिळाली, मला भेक.

हलते ती फक्त जीभ. एका फोटोत किडा असतो, पुढच्यात नसतो. मधलं काही मोबाइलला दिसत नाही.

फोटो मोठे करून बघता बघता अभ्यासाला लागलो. भेकाच्या डोळ्यांवर काळी कड, लेण्यातल्या चित्रातल्या पद्मपाणीने उसनं मागावं असं काजळ. मागे फुगीर ग्रंथी, त्यांत विष. पाणी तो तोंडाने पीतच नाही, ओल्या जमिनीला पोट टेकून कातडीतून शोषतो. म्हणजे मोरीत तासन्‌तास बसलेला तो आळशी नाही, तहानलेला आहे. कात टाकतो आणि तीच खातो. "धुणं वाचलं," माय म्हणाली.

शेजारच्या काकू बजावतात, "हात लावू नको, चामखीळ येईल." चामखीळ येते ती माणसातल्या विषाणूमुळे, बेडकाचा त्यात हात नाही, हे मी समजावलं. "तरी हात धू," त्या म्हणाल्या. विषाचा विचार करता शास्त्रही काकूंच्याच बाजूने आहे.

याच जातीचा भेक मादागास्करला जाऊन पोचलाय. 2014 मध्ये तिथे तो आढळल्याचं जाहीर झालं आणि शास्त्रज्ञांची झोप उडाली, कारण तिकडच्या सापांना याच्या विषाची सवय नाही. आम्ही त्याला खराट्याने बाजूला सारतो.

माझा सगळ्यात आवडता फोटो कोणालाच पसंत नाही. "डोळे मिटलेत, परत काढ," म्हणतात. अहो, तो जेवतोय! गिळताना भेकाचे डोळे आत ओढले जातात आणि घास घशाकडे ढकलतात. हे ऐकून पुतण्याने डोळे घट्ट मिटून भाकरीचा मोठा तुकडा गिळून पाहिला. ठसका त्याला लागला, बोलणी मला बसली.